काळा चौकोन

शनिवारी सकाळी पूनम सोलापूरहून सांगोल्याच्या एस.टी.त बसली, ती गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर मांडीवर घेऊन. जेनेटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी प्रत्येकाला आपापल्या घराची वंशावळ काढायला सांगितली होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. रक्ताच्या नात्यात लग्न असेल तर मध्ये दोन रेघा. जन्मजात व्यंग असेल त्याची आकृती काळी करायची.

आई मायाक्का ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणून त्या दोघांत दोन रेघा आल्या. खाली थोरला भाऊ गुंडा, जन्मापासून बहिरा. त्याचा चौकोन काळा. इथवर पूनमचा हात सरळ चालला. मग तिनं स्वतःचा गोल काढला आणि पेन्सिल अडली, ती चार दिवस अडलेलीच होती. कारण उद्या आईचे सख्खे भाऊ बिरुदेवमामा येणार होते, आपल्या मुलासाठी, मल्हारसाठी, तिची सुपारी फोडायला.

तिला धड बसवेना. खिडकी उघड, खिडकी लाव.

"पोरी, मुंग्या चावत्यात का काय?" शेजारची म्हातारी वैतागली.

घरी पोचल्यावर मायाक्कानं हौसेनं कागद पसरला. कोण कुठला ते विचारत बोट फिरवता फिरवता ते काळ्या चौकोनावर थांबलं.

"ह्यो गुंडा? माज्या लेकराला काळं का फासलंस गं? चोरी केली का त्यानं?"

"तशी पद्धत हाय, आई."

"आन् आमच्यात ह्या दोन रेघा? नातं पक्कं म्हणून?" मायाक्का नवऱ्याकडं बघून हसली. "ऐकलं का? कॉलेजाला बी ठावं हाय."

ते हसू पूनमला बघवेना. वडील, ज्ञानू, उंबऱ्यावर बसून दोर वळत होते. ती त्यांच्याकडं वळली.

"बा, आपल्याच कळपातला मेंढा आपण पैदाशीला का ठेवत न्हाय?"

"खुळी का काय? रगात एक झालं की कोकरं अधू निपजत्यात. धनगराच्या पोरीनं इचारायचं व्हय ह्ये?"

बोलता बोलता ज्ञानूची नजर कागदावर गेली. हातातला दोर थांबला.

मायाक्काला समजायला उशीर लागला नाही. "म्हंजी गुंडाचं... आमच्यामुळं?"

"तपासल्याबिगर खात्रीनं सांगता येत न्हाय. आन् दोष कुणाचाच न्हाय, आई. तुमाला काय ठावं होतं? पर मला आता ठावं हाय."

मायाक्का उठली. चुलीपाशी गेली, काही न घेता परत आली, दारात उभी राहिली, पुन्हा आत आली.

"मामाला फोन लाव."

लागला.

"दादा, उद्या येऊ नगंस."

पलीकडचा आवाज घरभर ऐकू येत होता. "पोरगी चार बुकं शिकली म्हंजी माजा मल्हार वंगाळ झाला व्हय?"

"मल्हार सोन्यावानी हाय. त्याच्या पोरांसाठनंच सांगती. लांबची पोरगी बघ."

"मग तू बी मला लांबचीच!" फोन तुटला.

ज्ञानू खाकरून पुन्हा दोर वळू लागले. पूनम आईच्या जवळ सरकली.

"आई, मी मामांना समजावून सांगते."

"तू मोप सांगशील गं." मायाक्का तिच्याकडं न बघता म्हणाली. "भाऊबिजेला मी कुणाला ओवाळू, ते तुज्या बुकात लिवलंय का?"

पूनमनं कागद गुंडाळायला घेतला. मायाक्कानं फोन मात्र खाली ठेवला नाही. पुन्हा वाजेल म्हणून तो मुठीत धरून ती दिवस मावळेपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.