एका तोंडाची तीन भांडी

वहिनी नवं भांडं हातात आलं की आधी मनगटापर्यंत हात आत घालायच्या. बोटं कोपऱ्यात पोचली नाहीत, तर भांडं परत माझ्यापुढं. "घासायचं कुणी, तुम्ही?"

राजारामपुरीत त्यांची खानावळ होती; सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणायचं. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हापासून भांडी घडवतोय. त्या तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. तरी एक दिवस भाकरीच्या पिठात हातानं वळलेले भांड्यांचे तीन नमुने घेऊन माझ्या शेडमध्ये आल्या. तीन भांडी, उंची वेगळी, तोंड एकच. झाकण खोलगट, कुठलंही कुठल्याही भांड्यावर बसावं आणि उलटं केलं की त्यात जेवता यावं. वाढायचं ज्यात, त्यातच उरलेलं झाकून एकावर एक रचायचं.

"असलं कुठं असतंय व्हय?" मी म्हटलं.

"न्हाय म्हणून तर आलोय की!"

तुमचा कधी कारागिराशी वाद झाला असेल, तर पुढचं तुम्हाला कळेल. थेंब सांडायला नको म्हणून मी झाकणं माझ्याच मनानं गच्च केली. उकळता तांबडा रस्सा झाकला. थंड झाल्यावर झाकण निघेना. वहिनींनी भांडं धरलं, मी ओढलं. टोपीपासून चपलेपर्यंत मी तांबडा!

"मिस्त्री, रस्सा वाढायचा हाय, कोंडून घालायचा न्हाय!"

काठ सैल केले. चूक मात्र मी आजवर कबूल केलेली नाही.

मग एक व्यापारी आला. याच घडणीत एकेकट्यानं जेवायची कप्प्यांची ताटं करा, पाहिजे तेवढी उचलतो म्हणाला. खानावळीत तेव्हा चार-पाच माणसंच जेवायला येत. नमुना वहिनींचा, म्हणून पैशात त्यांचाही वाटा होता. त्यांना ते काम गरजेचं होतं, मलाही.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या खानावळीत भांडं मधी असतंय. भूक जास्त, त्यानं जास्त घ्यायचं. किती खायाचं ते कप्प्यानं सांगायचं न्हाय."

"मावशी, जमाना बदललाय."

"पोट न्हाय बदललं. निघा."

वर्षभरात खानावळ बंद पडली. पुढं वहिनीही गेल्या.

मागच्या महिन्यात तोच व्यापारी पुन्हा दारात. "म्हातारी गेली. आता तरी करा की, मिस्त्री."

जेवायची वेळ होती. "बसा, पावणं," म्हटलं. माझ्याकडं राहिलेली वहिनींची तिन्ही भांडी मधे मांडली, झाकण उलटं करून त्याच्यापुढं ठेवलं. पावण्यानं तीनदा रस्सा घेतला. चौथ्यांदा पळीला हात लावून माझ्याकडं बघत थांबला.

मी भांडं त्याच्याकडं सरकवलं. "घ्या की. भूक मोजणारी भांडी माझ्याकडं होत न्हाईत."