पाहणीच्या दिवशीचं बोकड

मेडिकलला माझा नंबर लागला तेव्हा वस्तीवर साखर वाटली गेली आणि त्याच दिवशी माझी झोप उडाली. आम्ही मेंढरंवाले. करमाडच्या पुढं पत्र्याचं घर. फी आणायची कुठून? शेवटी शहरातल्या एका ट्रस्टनं शिष्यवृत्तीसाठी माझा अर्ज घेतला. अट एकच, त्यांची माणसं घरी येऊन परिस्थिती बघणार. नाही मिळाली, तर कॉलेजातली जागा गेली.

आता परिस्थिती बघायला येणार म्हटल्यावर घर आहे तसं दाखवायचं, इतकी साधी गोष्ट. पण आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या डोक्यात ती शिरेल तर शपथ! शहरातली मोठी माणसं दारी येणार आणि घोंगडीवर बसणार? वस्तीची इज्जत काय राहील? झालं. सरपंचाच्या घरून खुर्च्या आल्या. गिरणीवाल्यानं टेबलफॅन दिला. आमच्याकडं वीजच नव्हती, तरी तो फॅन कोनाड्यात मांडला, शोभेला. मी लई भांडले. आबांनी ऐकलं तर नाहीच, वर बोकड कापलं.

तिघं साहेब आले. बंद फॅनसमोर घाम पुसत जेवले. रस्सा मागून मागून घेतला, नळ्या फोडल्या, ढेकर दिले, पान खाल्लं, वहीत काहीबाही लिहून घेतलं आणि गेले. पुढच्या आठवड्यात निरोप आला की परिस्थिती चांगली आहे, मदतीची गरज दिसत नाही.

माझं डोकंच फिरलं. अरे, भिंतीला वायर नाही, वर बल्ब नाही, खाताना डोळे काय गहाण ठेवले होते? मिळेल ती एसटी धरून ट्रस्टच्या ऑफिसात गेले. जेवून गेलेल्यातलेच एक साहेब समोर बसले होते. मला बघून हसले, जेवण झकास होतं म्हणाले.

"साहेब, ते बोकड माझ्या पुस्तकांसाठी राखलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही माझी पुस्तकं खाऊन आलात."

साहेबांचं हसू मावळलं. म्हणाले, वडलांना घेऊन ये, ते सगळं मागून आणलेलं होतं असं कमिटीपुढं सांगू देत, मग बघू.

आबांनी दुष्काळातसुद्धा कुणापुढं तोंड वेंगाडलं नव्हतं. तरी आले. आम्ही ज्यांना मागून आणलेल्या खुर्च्यांवर बसवलं, त्यांच्यातला एकही जण आबांना बसा म्हणाला नाही. आबा उभ्यानंच बोलले, "साहेब, त्यातलं आमचं काईच नव्हतं. गरीब माणसं हाव आम्ही."

"जरा मोठ्यानं," कोपऱ्यातला एकजण म्हणाला.

आबांनी ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

शिष्यवृत्ती मिळाली. मी डॉक्टर झाले. ट्रस्टचे उपकार मान, असं लोक सांगतात. मानते की! पण त्या "मोठ्यानं"ची चीड माझ्या पोटातून अजून गेलेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

कॉलेजातल्या पहिल्या दिवाळीला मी घरी गेले होते. दारात एक अनोळखी वाटसरू पाणी मागत आला. चहा पाजल्याबिगर आबांनी कुणाला सोडलं नव्हतं आजवर. त्या दिवशी मात्र ते आत आले आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "माय, चहा टाकायचा का नाय? लिहून नेणारा तर नाय ना ह्यो?"