नाव झाकलेला कागद

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर होतो. आजार काय होता, ते त्यांच्या पुतण्याने सांगितलं. ते शब्द मी आधी वाचले होते... मोठ्याने.

हमीदभाई बरीच वर्षं आखातात काढून परतले आणि मिरकरवाड्यातल्या एका खोलीत कागदपत्रांचं मराठी करून द्यायला बसले. तिकडून येणारे करार, दवाखान्यांचे रिपोर्ट घरच्यांना कळायला हवेत ना! दोन हजार सहा साली मी त्यांच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एक सोय करून दिली. पत्त्याच्या पट्टीत ‘डी’, मग जागा सोडून शब्द, की शब्दकोशाचं पान थेट समोर. वैद्यकीय शब्दांना ‘एम’. हमीदभाई पोरासारखे खूश झाले. त्यांनी ‘आळशी’चा इंग्रजी शब्द टाकला आणि म्हणाले, “सुहास, तुझा फोटो नाय आला रे!”

आजारपणाचा कागद असला की ते रोग्याच्या नावावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवत. गाव लहान, सगळे ओळखीचे. आपण शब्द बघावेत, माणूस बघू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ती पद्धत फार आवडायची.

गेल्या माघात चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणून त्यांनी मला टाइप करायला बसवलं. तीन आठवडे एकाच रोग्याचे कागद येत होते, आणि दर खेपेला शब्द जास्त वाईट. हमीदभाई वाळत चालले होते, ते मला दिसत होतं. अल्सर आहे म्हणाले, मी मानलं. शेवटच्या दिवशी मी ‘एम’ मारून ‘मेटास्टॅसिस’ काढला, म्हणजे रोग अंगभर पसरलेला, मग ‘पॅलिएटिव्ह’.

“म्हणजे माणसाचा काय?” त्यांनी विचारलं.

“घरी न्यायचं आणि जपायचं,” मी म्हणालो. झटपट अर्थ सापडल्याच्या तोऱ्यात होतो.

“किती दिवस?”

“पावसाळा बघितला तर नशीब म्हणायचं, हमीदभाई!”

त्यांनी ते चष्म्याशिवायच, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं आणि चहा सांगितला. शब्दांचे अर्थ त्यांना कळत नव्हते थोडेच. कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि मी आयता सापडलो. याचा मला अजून रागही येतो.

दफनानंतर भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायको, जुबेदाभाभी, म्हणाल्या, “आम्ही त्यांना अल्सरच सांगितला होता. रिपोर्ट मी गादीखाली दडवलेले. तरी शेवटी सगळ्यांना बोलावून माफी मागत बसले. त्यांना कुणी सांगितला असंल रे?”

“काय माहीत, भाभी,” मी म्हणालो आणि चप्पल शोधायला लागलो.

भाभी रविवारची ही पुरवणी अक्षर न् अक्षर वाचतात, मला ठाऊक आहे. तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

भाभी, मी सांगितलं. हसत सांगितलं.