चार वेळा परत आलेला अर्ज

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. यावेळचा तर अजून गेलेलाच नाही. सून म्हणते, लिहून काढा, म्हणजे घरातल्या भांड्यांची आदळआपट तरी थांबेल. म्हणून बसले.

तळेगावात भाजी पिकवणाऱ्या बायकांचा आमचा एक गट आहे. माझी सून त्याची अध्यक्ष. बायका पहाटे वांगी, भेंडी, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर तोडतात, पहिल्या एसटीनं आर्वीला नेतात आणि रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसतात. विदर्भातलं ऊन काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मागच्या वैशाखात सून टोपल्यावरच चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली तर पहिलं काय विचारलं? "भेंडी वाळली का?" तेव्हापासून मी ठरवलं होतं, हिच्या डोक्यावर छप्पर आलं पाहिजे.

आणि छपराची संधी आली. आर्वीला बाजारात पत्र्याखालचे चार ओटे बांधून झाले होते, महिला गटांना द्यायचे होते. वाटप करणार वर्ध्याची कचेरी. कोणती, ते नाव घेत नाही. घेतलं तर माझं बीपी वाढतं. नोटीस अशी: अर्ज केवळ ईमेलने, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, प्रत्यक्ष अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.

"आत्याबाई, तुमी त कचेरीत तीस वर्सं काढले," सून म्हणाली. "तुमीच लिहा नं."

काढली होती खरी. तालुक्याच्या एका कचेरीत मी आवक-जावक लिपिक होते. आलेला कागद आवक रजिस्टरात, गेलेला जावक रजिस्टरात, प्रत्येकाला नंबर. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. घरातून जाणाऱ्या प्रत्येक ईमेलला मी एका वहीत जावक क्रमांक देते. नातीला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या तरी. हसा खुशाल.

सोमवारी अर्ज गेला, जावक क्रमांक एकवीस. पाणी पिऊन येते तोच सून ओरडली, "परत आला वो आत्याबाई!"

"कोण?"

"अर्ज! असा पत्ताच नाई म्हणते."

इंग्रजीतला निरोप होता. सुनेनं मोबाइलवर त्याचं मराठी करून वाचलं. मी नोटिशीतला पत्ता अक्षर न् अक्षर पडताळला. बरोबर. वर्ध्याला फोन लावला. पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "थो जुना पत्ता हाय. नवीन लिहून घ्या."

"मग नोटिशीत जुना काऊन छापला?"

"मागच्या वर्षीच्या नोटिशीवरून केली नं."

नोटीस मागच्या वर्षीची, पत्ता मागच्या वर्षीचा, फक्त शेवटची तारीख यंदाची! मी फोन ठेवला आणि कुकरचं झाकण असं काही लावलं की मांजर बाहेर पळाली.

मंगळवारी नव्या पत्त्यावर पाठवला. क्रमांक बावीस. तोही परत. यावेळी कारण वेगळं.

"लय जड हाय म्हणून राह्यला," सून म्हणाली. मग जोडलेले कागद बोटानं सरकवत गेली आणि थांबली. "आत्याबाई, हे कोरे कोरे फोटू कायचे वो?"

इथं मला माझ्याविषयी एक गोष्ट कबूल करावी लागते. आमच्या कचेरीत कागद पाठपोट लागायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची प्रत. मागची बाजू कोरी असली तरी. कोरी आहे हे कळायला नको का? हा नियम कुणी काढला होता माहीत आहे? मीच. तिशीतली मी. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे किती वाजले ते फक्त बाईसाहेबांनाच दिसावं. कोरी पाठ जोडली नाही म्हणून त्या महामायेनं किती अर्ज परत केले असतील! आणि त्याच हातांनी मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून सतरा कागदांच्या सतरा कोऱ्या पाठींचे रंगीत स्कॅन काढून घेतले होते. तो बिचारा म्हणत होता, "आजी, याच्यावर काहीच नाई." मी त्याला म्हटलं होतं, "तुला कचेरीतलं काय कळतं?"

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. सतरा कोऱ्या बाजू पुसल्या.

बुधवारी मात्र मी सुनेच्या नकळत एक काम केलं. परत आलेल्या प्रत्येक निरोपाखाली एकच नाव होतं, डिलिव्हरीचं कुठलं तरी उपखातं. मला वाटलं, तिथं कुणी लिपिक बसला असेल, पूर्वीच्या माझ्यासारखा, खडूस. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं हा माझा धर्म. मी लिहिलं: 'प्रति, मा. कक्ष अधिकारी. संदर्भ: आपले दिनांक अमुकचे पत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण आमचा अर्ज दोनदा परत केला असून त्यावर आपली स्वाक्षरी दिसून येत नाही.' क्रमांक तेवीस.

तेही परत आलं.

सुनेला वही सापडली. "आत्याबाई! थे मशीन हाय वो! मशीनले काय पत्र लिहिता?"

"मशीन असो का मानूस, कागद धाडला त्याले उत्तर द्या लागते."

"मंग दे म्हना तिले स्वाक्षरी!"

दिवसभर गटाच्या बायका येता-जाता मला विचारत होत्या, "मशीनबाईचं उत्तर आलं का?" विचारा. एक दिवस गेला होता आणि सुनेचा चेहरा उतरत चालला होता.

गुरुवारी हलका केलेला अर्ज नव्या पत्त्यावर पाठवला. आता तर परत यायचं काही कारणच नव्हतं. तिसऱ्यांदा परत. या वेळचं कारण वाचून मी ताडकन उभी राहिले. त्यांची पेटी भरली होती! पत्ता बरोबर, वजन बरोबर, कागद बरोबर, पण घेणाऱ्यानं आपली पेटीच रिकामी केली नव्हती. फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. दुपारभर लावला. चूक त्यांची आणि अर्ज बाद आमचा!

शुक्रवारी सकाळी मी अर्जाचे तीन आणि मशीनबाईच्या पत्राचा एक, अशा चारही परत आलेल्या निरोपांच्या छापील प्रती काढल्या, वही पिशवीत टाकली आणि एसटीत बसले. "भांडू नका," सून म्हणाली. मी आर्वीपर्यंत मनात भांडले आणि आर्वी ते वर्धा उजळणी केली.

कचेरीत खिडकीमागे एक मुलगी बसली होती. कंत्राटी, नातीच्या वयाची. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्ज मेलनंच घेतो आजी. हातानं नाई."

"मेल जात नाही. तुमची पेटी भरली आहे."

"मंग रिकामी झाली का पाठवजा."

"कधी होईल?"

"सर सुट्टीवर आहेत. पासवर्ड त्यांच्याजवळ आहे."

आज शेवटचा दिवस, आणि पासवर्ड सुट्टीवर! मी काहीतरी जळजळीत बोलणार होते, तेवढ्यात माझी नजर तिच्या मनगटावर गेली. घड्याळ आतल्या बाजूला. मेले मी!

आवाज खाली आणला. "पोरी, सरांना फोन लाव. नाही लावलास तर मी इथंच बसते. डबा आणला आहे."

तिनं लावला. सर कुठल्याशा लग्नात होते, मागं बँड वाजत होता. मुलीनं फोन स्पीकरवर टाकला. "अरे, आजीला सांग टेन्शन नका घेऊ, सोमवारी करू."

"साहेब," मी ओरडले, "सोमवारी मुदत संपलेली असेल!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी मुलीला पासवर्ड दिला, मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला, आणि वऱ्हाडी जेवायला बसले म्हणून फोन ठेवला. पेटी उघडली. आत काय असावं? सकाळच्या शुभेच्छांची गुलाबाची फुलं, आणि जाडजूड परिपत्रकं, पाठपोट स्कॅन केलेली, कोऱ्या पाठींसकट! माझा वंश वर्ध्यापर्यंत पोचला होता.

मुलीनं भराभर फुलं पुसली, परिपत्रकं उतरवून घेऊन पुसली. मी मोबाइलवरून अर्ज पाठवला. परत! पेटी भरलेलीच.

"आता मी काय करू आजी?" तिचा आवाज रडवेला झाला. चार वाजून गेले होते.

मी विचार केला. आमच्या कचेरीत रद्द झालेला कागद कुठं जायचा? गठ्ठा बांधून मागच्या खोलीत. नावाला गेला, जागा तीच अडवून. "पोरी, तू पुसलेलं गेलं कुठं? पाह्यजो, कुठं तरी मागच्या खोलीत साठवलं असेल यानं."

तिनं शोधलं. एक कचऱ्याचा कप्पा होता, सगळी फुलं तिथं जशीच्या तशी टवटवीत. तो कप्पा रिकामा केला, आणि पाचव्या वेळी आमचा अर्ज गेला. मिनिटभर वाट पाहिली. परत आला नाही. तिच्या पडद्यावर उमटला. पाचला पंधरा मिनिटं कमी होती. मी वहीत क्रमांक लिहिला.

मग मी विचारलं, "आमच्याशिवाय किती आले?"

मुलीनं पेटी वरखाली सरकवून पाहिली. "एकही नाई. पेटी नोटिशीच्या आधीपासूनच भरलेली असन."

तिनं सरांना कळवायला पुन्हा फोन लावला. ते पान खाल्ल्यासारख्या आवाजात म्हणाले, "क्या बात है! मग तर आजीचा ओटा पक्का. बाकी कुणाचे अर्जच नाहीत म्हणून लिहून टाक."

ओटा पक्का. सुनेच्या डोक्यावर छप्पर. मी तिला फोन करून सांगितलं तर पलीकडून बायकांचा गलका ऐकू आला. मी तिथंच उठायला हवं होतं. उठले नाही, कारण 'अर्जच नाहीत म्हणून लिहून टाक' हे वाक्य मी ओळखत होते.

तिशीतल्या त्या घड्याळवाल्या शहाणीच्या, म्हणजे माझ्याच, खिडकीशी एक बाई यायची. जंगलाकडच्या गावची, घरात वेगळी भाषा बोलणारी, मराठी अडखळत. सरपण विकायला तालुक्याला यायची, तेव्हाच अर्ज आणायची. पहिल्यांदा मी परत केला, कोरी पाठ नाही. दुसऱ्यांदा परत केला, खिडकी चारला बंद व्हायची आणि चार वाजून पाच मिनिटं झाली होती. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. मी रजिस्टरात सुंदर अक्षरात लिहिलं, 'अर्जदाराने पूर्तता केली नाही, सबब निकाली.' त्या वर्षी माझ्या स्वच्छ रजिस्टराचं साहेबांनी कौतुक केलं होतं आणि मी ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले होते. कसला अर्ज होता, तेही आता आठवत नाही. मूर्ख बाई.

तालुक्यात किती गट असतील, ज्यांना तो इंग्रजी निरोप आला आणि वाचताच आला नाही? त्या समजत असतील, आपला अर्ज पोचला.

मी फोनकडे तोंड करून म्हटलं, "साहेब, मुदत वाढवा. पत्ता तुमचा जुना होता, पेटी तुमची भरली होती."

"त्याचा एक अर्ज मेल करा आजी," ते म्हणाले आणि हसले.

हसायला नको होतं. मी मुलीकडून कोरा कागद मागितला आणि उभ्यानं अर्ज लिहिला. चारही परत आलेले निरोप जोडले, जावक वहीचे क्रमांक टाकले. खाली लिहिलं: 'प्रतिलिपी माहितीस्तव सविनय सादर' आणि त्यांच्या वरच्या दोन साहेबांची पदं. जन्मभर हे वाक्य मी सवयीनं लिहिलं होतं. आज पहिल्यांदा मुद्दाम लिहिलं.

"हातानं घ्यायची परवानगी नाई आजी," मुलगी पुटपुटली. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. तिनं दाराकडे पाहिलं, खण उघडला, आणि आवकचा शिक्का दाणकन मारला. वर वेळही लिहिली. त्या वयात माझा हात असा कधी उठला नाही.

सोमवारी मुदत आठ दिवसांनी वाढली. सुनेनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी फुटली. "हातात आलेला ओटा वाटून आल्या! गटाच्या बायकायले मी काय सांगू? मी चक्कर येऊन पडलती थे इसरल्या तुमी?"

विसरले नव्हते. आठ दिवस मला झोप नव्हती, हे तिला सांगितलं नाही. नऊ गटांचे अर्ज आले. आम्हाला ओटा मिळाला, पण चौथा, कोपऱ्यातला. तिथं पत्रा आखूड पडला आहे आणि दुपारी बारा ते दोन एका बाजूनं ऊन आत येतं. आखूड पत्र्याचाही मला राग आहे. त्याचा अर्ज मी दिला आहे, क्रमांक एकतीस.

पहिल्या दिवशी सुनेनं सावलीत टोपली मांडली, गटाच्या बायकांना जागा दिली आणि उन्हाच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"थो तुकडा तुमच्या नावचा हाय, आत्याबाई. तिथं तुमी बसजा."

मी छत्री उघडून बसले. भेंडी छान राहिली.