दुर्गाआतेचा कौल

आमची दुर्गाआते मत कोणाला देते, त्यावर वाडीतली बावन्न मते ठरतात. म्हणून उमेदवार आधी तिच्या अंगणात, खळ्यात येतात आणि मग देवळात.

यंदाच्या जिल्हा परिषदेला तिची मागणी एकच होती, व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव. व्हाळापलीकडे तिची धाकटी बहीण सावित्री राहते. पोफळीच्या खोडांचा जुना साकव दोन पावसांपूर्वी वाहून गेला, आणि 'पक्का पूल येतोय' या भरवशावर कोणी नवा घातलाच नाही. दोघींचे गुडघे गेलेले, पाण्यात उतरवत नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी दोन म्हाताऱ्या दोन काठांवरून ओरडून बोलतात. कोणाची सून काय म्हणाली ते सुनेच्या आधी गावाला कळते. आतेला त्याची लाज नाही. बहिणीच्या शेजारी बसता येत नाही, याचे मात्र तिला फार वाईट वाटते.

उमेदवार तीन. जितेंद्रने सिमेंटचा पूल कबूल केला. किशोरीताईंनी त्या पुलावर दिवेही लावून टाकले. तिसरा विराज, कट्टा गावच्या बाजारातला दुकानदार. पक्ष एवढा लहान की प्रचाराला एकच रिक्षा, तीही उसनी. तो आधी व्हाळावर जाऊन पावलांनी रुंदी मोजून आला आणि म्हणाला, "आते, पूल माका जमाचो नाय. माझ्या बागेतली चार पोफळीची खोडां देतंय. पण आता दिलंय तर आचारसंहिता आड येतली. निकालानंतर!"

वाडी पोट धरून हसली.

आतेने तिघांनाही "बरा" म्हटले आणि ग्रामदेवीला कौल लावायला गेली. गुरव देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हणजे देवीकडे उत्तरे दोन आणि उमेदवार तीन. आतेने मग जोड्या लावल्या, उजवी एकाची, डावी दुसऱ्याची. जितेंद्र की किशोरी? जितेंद्र. किशोरी की विराज? किशोरी. झाले, म्हणून आम्ही तीर्थाला हात पुढे केले, तर आतेने जितेंद्र आणि विराजलाही समोरासमोर उभे केले. पाकळी पडली ती विराजची! म्हणजे तिघांनाही एकेक.

गुरवाने घाम पुसला. "आते, देवीचोपण गोंधळ झालो."

"गोंधळ नाय. ती म्हणता, तुका अक्कल दिलंय ती कित्याक?"

वाटेत तिने निकाल सांगितला, विराज.

"आते, तो पडतलो. मत फुकट जातला."

"तीस वर्सां जिकणाऱ्यांका दिलंय, ता खंय कामाक इला? व्हाळ मोजूक ह्यो एकटोच गेलो."

विराज पडला. अनामतही गेली. आम्ही आतेची थट्टा करत होतो, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पो आला. त्यात चार खोडे आणि पडेल चेहऱ्याचा विराज. "हरलंय खरो," तो म्हणाला, "पण निकाल तर लागलो मा?"

दुपारपर्यंत साकव उभा राहिला. बातमी ऐकून निवडून आलेला जितेंद्र हार घेऊन उद्घाटनाला धावला. आतेने त्याला बांबूचे एक टोक धरायला लावले, कठडा बांधायचा राहिला होता.

मग सावित्री पहिली आली. एकेक पाऊल टाकत, दोन वर्षांनी. बहिणीच्या खळ्यात तिला चिकटून बसली आणि तिच्या कानातच जिवाच्या आकांताने ओरडली, "जेवलंस काय गोऽऽ?"