सुई ओवायची वाटी

आमच्या शिलाईच्या दुकानात तिला सगळे काजताई म्हणतात, कारण काज-बटण तिच्याकडे. मशीनच्या काजाला ती नाक मुरडते. "ते काज आहे की भगदाड?" म्हणते आणि हाताने असं काज घालते की बटण आत गेलं की बसलंच. जीभ तिखट, हसणं मोकळं. मला मावशी म्हणते. नात्यातली कुणी नाही, पण सख्ख्या भाचीने केलं नसतं एवढं तिने माझं केलंय.

माझे डोळे अधू झाल्यापासून माझ्या सुयाही तीच ओवते. सकाळी आली की दोऱ्याचं टोक ओठांत धरायची, थुंकी लावून अणकुचीदार करायची आणि एका झटक्यात सुईत! ओवलेल्या सुया माझ्या सुया टोचायच्या उशीवर ओळीने लावून म्हणायची, "घ्या मावशी, तुमची फौज." काम संपलं की मी दोरा दाताने तोडायचे. शिवणाऱ्या बाईला कात्री कायम हाताशी कुठली सापडायला!

नवरा गेल्यावर तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. त्याच्याकडून आलेला. तिने फक्त मला सांगितलं. दवाखान्यात मी सोबत गेले. तिथल्या बाईंनी नीट समजावलं: हा रक्तातून जातो, असुरक्षित संबंधातून जातो, औषध नसेल तर आईकडून बाळाला जातो. थुंकीने, एका ताटात जेवल्याने नाही. रोज गोळ्या घेतल्या तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, मग संबंधातूनही जात नाही. मी एवढ्या माना डोलावल्या की त्यांना वाटलं असेल, ही बाई उद्या गावभर व्याख्यानं देत फिरणार.

कुणीतरी तिला दवाखान्याच्या रांगेत पाहिलं आणि बातमी दुकानात आली. इस्त्रीवाला म्हणाला, "ती दोरे तोंडात घालते. तिच्या हातचे शर्ट मी नाही इस्त्री करणार."

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, तू दिवसभर लोकांच्या शर्टांवर तोंडाने पाणी फवारतोस, तेव्हा तुझी तपासणी कुणी मागितली का? थुंकीने नाही होत हा रोग! तिला जायला लावणार असशील तर आधी तू नीघ."

तो गुपचूप कामाला लागला. काजताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी फौज तयार होती. मी पहिली सुई उचलली. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं. मी ते फडक्याला पुसलं. एकदा नाही, दोनदा. शिवण संपली तेव्हा दोरा दातापर्यंत नेला आणि तिथूनच परत आणून कात्री शोधत बसले. मान वर केली तर ती बघत होती. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

त्यानंतर ती घरून एक लहानशी वाटी घेऊन आली. तीत पाणी. टोक पाण्यात बुडवायचं, बोटांनी पिळायचं, मग सुईत. चारचारदा चुकायचं, पण तोंडाला दोरा लावायची नाही. इस्त्रीवाला म्हणाला, "हे बरं केलंस, ताई." मेल्याला बोलायला माझं तोंडच उघडेना. कुठल्या तोंडाने बोलणार?

शेवटी काल मला राहवलं नाही. उठले, ती वाटी मोरीत पालथी केली आणि म्हटलं, "हे नाटक बंद कर. लाव थुंकी पहिल्यासारखी. मी दाताने तोडते, बघ."

ती उठली. नळाखाली वाटी विसळली, भरली आणि जागेवर आणून ठेवली. दोरा बुडवला, सुई ओवली, माझ्या उशीवर टोचली.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "इस्त्रीवाल्याचं मला काहीच वाटलं नव्हतं."