पिवळी पट्टी

वडिलांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकायचे आणि उभं राहिलं की त्यांना चक्कर यायची, म्हणून त्यांना मुरबाडच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. नर्सबाईंनी त्यांच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली. हा पेशंट पडू शकतो, त्याला एकट्याने उठू देऊ नका, असा तिचा अर्थ. वडिलांनी मात्र 'पडू नये म्हणून बांधतात' एवढंच ऐकलं आणि भगताने दिलेल्या गंड्यासारखी ती कपाळाला लावली. घरी येताना कापूसुद्धा दिली नाही.

दोन दिवसांनी बघतो तर हा माणूस कौलं चाळायला छपरावर! मी खालून बोंबललो. त्यांनी वरून मनगट दाखवलं. "पट्टी हाय ना? मग नाय पडत मी." शेजारीसुद्धा त्यांना आपापल्या छपरावर बोलवायला लागले.

माझं डोकंच फिरलं. त्यांना तसंच दवाखान्यात नेलं आणि ती पट्टी कापायला लावली. बाहेर पडताना त्यांचा दंड धरून मी ओरडतच होतो, "पायरी बघा, सावकाश, पायरी बघा!" आणि त्याच पायरीवरून घसरून मी आडवा झालो.

वडील ताठ उभे. आत वळून त्यांनी नर्सबाईंना हाक मारली, "बाय, माझ्या पोराला पण एक बांध गो!"